निर्दोषाची खुर्ची

३ फेब्रुवारी

नव्या विधेयकाचा मसुदा शेवटी माझ्याच गळ्यात पडला. साहेब म्हणाले, "शब्दांचा कीस पाडावा तर तुम्हीच." हे कौतुक की टोमणा, ते कळायच्या आत फाइल माझ्या टेबलावर येऊन बसली होती.

विषय ग्रूमिंगचा. म्हणजे मोठ्या माणसाने वाईट हेतूने एखाद्या मुलाशी गोडीगुलाबीने वागायचं, त्याचा विश्वास मिळवायचा, त्याला घरच्यांपासून हळूहळू तोडायचं आणि आपल्या मुठीत घ्यायचं. आजच्या कायद्यात प्रत्यक्ष अत्याचार होईपर्यंत पोलिसांना काही करता येत नाही. नव्या कायद्याने ही आधीची तयारीच गुन्हा ठरेल. सोबत घरोघरी वाटायचं एक पत्रकही हवं आहे, मुलांना आणि आईबापांना कळेल अशा भाषेत. तेही मीच लिहायचं. मदतीला मुलांच्या हेल्पलाइनवरच्या एक बाई येणार आहेत.

बायकोला म्हटलं, विषय जरा जड आहे. ती इस्पितळात नर्स आहे, तिला कशाचंच नवल वाटत नाही. म्हणाली, "तुला काय, तू तर सगळं कागदावरच बघणार."

६ फेब्रुवारी

पहिली बैठक. आमच्या खोलीतल्या खुर्चीबद्दल इथे लिहून ठेवायला हवं, कारण हेल्पलाइनच्या बाई ती बघून चांगल्याच चक्रावल्या.

लांब टेबलाच्या टोकाला एक खुर्ची आहे, तिचा डावा हात डुगडुगतो. साहेबांच्या आधीच्या साहेबांनी ही पद्धत पाडली. कुठल्याही कायद्याचा मसुदा वाचताना एकाने त्या खुर्चीत बसायचं आणि निर्दोष माणूस व्हायचं. एकेक ओळ वाचली की त्याने विचारायचं, "मी यात सापडतो का?" सापडत असला तर ती ओळ बदलायची, नाहीतर काढायची. चोराला पकडायला निघालेला कायदा सज्जनाच्या मानेवर बसू नये, एवढाच उद्देश. आमच्यात तिला निर्दोषाची खुर्ची म्हणतात. मला त्या खुर्चीत बसायला आवडतं. भेसळीच्या कायद्याच्या वेळी मी असा काही बिचारा दुकानदार उभा केला होता की साहेब चष्मा पुसत बसले होते.

माझी युक्ती साधी आहे. मनचा माणूस रचला की तो लंगडा पडतो. ओळखीतला खरा माणूस घ्यायचा.

ग्रूमिंग कशाला म्हणायचं ते दाखवणारी उदाहरणं कलमाखाली द्यायची आहेत. आज त्यातलं पहिलंच होतं : पालकांना न सांगता मुलाला भेटवस्तू देणे. मी आमच्या भिंगरीच्या सरांना खुर्चीत बसवलं. भिंगरी म्हणजे माझी मुलगी, तेरा वर्षांची, टेबल टेनिस खेळते. एका जागी उभी राहत नाही म्हणून घरात हेच नाव पडलं. सरांनी तिला गेल्या महिन्यात नवी कोरी बॅट दिली. आम्हाला ती तिच्या पिशवीत सापडली तेव्हाच कळलं. सर म्हणाले, "तिने ती कमावली आहे." आता हा माणूस गुन्हेगार का?

साहेबांनी ओळ खोडली. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

११ फेब्रुवारी

बायकोची या महिन्यात दुपारपाळी आहे, म्हणजे ती घरी येते तेव्हा जेवणं आटोपलेली असतात. मला ऑफिसात उशीर होतो. सर स्वतः गाडीने मुलींना घरोघर सोडतात म्हणून आमचं निभावतंय. नाहीतर भिंगरीचं टेबल टेनिस केव्हाच बंद पडलं असतं.

बायको आज सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ते तिला सगळ्यात शेवटी का सोडतात? हॉलवरून येताना आपलं घर तर आधी लागतं."

मी म्हटलं, आपली गल्ली अरुंद आहे, गाडी वळवायला त्रास होत असेल. लोक फुकट मदत करतात, तर आपण त्यांच्या रस्त्याचाही हिशोब मांडायचा, हे काही मला पटत नाही.

१७ फेब्रुवारी

आज दोन उदाहरणांवर खडाजंगी. मुलाला एकट्याला वारंवार वाहनातून नेणे. आणि मुलाशी खाजगी संदेशांतून नियमित बोलणे.

मी परत सरांना घेऊन बसलो. गाडीचं सांगितलं. संदेशांचंही सांगितलं. सर भिंगरीला खेळाचे व्हिडिओ पाठवतात, सकाळी "उठ वाघिणी" असं लिहितात, हरली की समजूत घालतात. मी बाप असून मला एवढं सुचत नाही.

बाई म्हणाल्या, "यातलं एकेक साधंच असतं हो. आमच्याकडे येणारी प्रत्येक गोष्ट अशीच साधी सुरू होते."

मी म्हटलं, "मॅडम, साधेपणाला शिक्षा द्यायची तर तुरुंग पुरायचे नाहीत."

साहेब हसले. दोन्ही ओळी गेल्या. बाईंचं तोंड उतरलं होतं, ते बघून मला जरा वाईट वाटलं. चांगल्या बाई आहेत. पण रात्रंदिवस तेच ऐकून त्यांना सगळीकडे लांडगेच दिसत असणार.

२० फेब्रुवारी

भिंगरीला सोडायला आलेले सर आज वर आले. त्यांना चहा दिला. बैठकीच्या खोलीतला दिवा कधीचा लुकलुकत होता, तो त्यांनी स्टुलावर चढून नीट केला. मला म्हणाले, "भिंगरी म्हणते, बाबा फार मोठं काम करतोय." मी विधेयकाचं सांगितलं. त्यांनी फार मन लावून ऐकलं, मध्येमध्ये प्रश्नही विचारले. काय काय उदाहरणं आहेत, कुठली खोडली, का खोडली. ऑफिसबाहेरचं कोणी माझ्या कामात एवढा रस घेतलेला मला आठवत नाही. बायको तर कलम म्हटलं की जांभई देते.

जाताना म्हणाले, "काम फार चांगलं आहे. फक्त प्रामाणिक माणूस भरडला जाऊ नये एवढं बघा."

वाक्य झकास आहे. बैठकीत वापरीन.

२७ फेब्रुवारी

वापरलं. साहेबांनी टिपून घेतलं.

घरी विशेष काही नाही. भिंगरीची आणि तिच्या मैत्रिणीची, पहिलीपासूनच्या, बोलचाल बंद आहे. सर म्हणाले होते म्हणे की ती पोरगी हिच्यावर जळते. असेलही. खेळात वर जायचं तर चार माणसं मागे राहणारच. भिंगरी हल्ली जेवताना गप्प असते आणि फोन पालथा ठेवते. एकाग्रता वाढली आहे, असं सर म्हणतात.

५ मार्च

पत्रकाचा कच्चा मसुदा झाला. एका पानात बसवला. खोडलेल्या गोष्टी गेल्यावर जे उरलं ते अगदी स्वच्छ आहे : कोणी नको तिथे हात लावला, धमकी दिली, घाणेरडे फोटो दाखवले किंवा मागितले, तर सांगा. खाली हेल्पलाइनचा नंबर.

बाईंचा नियम असा की मुलांसाठीचं कुठलंही पान आधी एका मुलाने वाचलं पाहिजे. मी म्हटलं, घरातच आहे की. संध्याकाळी भिंगरीला दिलं, "कुठे अडतेस का बघ."

तिने वाचलं. मग परत वाचलं. मला वाटलं, शब्द जड झालेत.

"इतकंच आहे?" तिने विचारलं.

"इतकंच. लांबड लावली की कोणी वाचत नाही."

"म्हणजे यात जे नाही, ते चालतं?"

प्रश्न पोरीने असा विचारला की माझी छाती फुगली. म्हटलं, वकील होणार ही. तिला नीट समजावून सांगितलं : कायद्यात जे लिहिलेलं नाही, तो गुन्हा नाही. हे तत्त्व आहे. त्यावरच सगळं उभं आहे. नाहीतर कोणीही उठून कोणालाही दोषी म्हणेल.

"बरं," म्हणाली आणि कागद घडी घालून परत दिला.

शब्द कुठे अडले नाहीत. बाईंना तसं कळवलं.

८ मार्च

पुढच्या शनिवारी भिंगरीचं शिबिर आहे, बाहेरगावी, एक मुक्काम. सगळी टीम जाणार आहे. सरांनी फोनवर नीट समजावून सांगितलं, मी हो म्हटलं. बायको त्या दिवशी रजा मिळते का बघत होती, सोबत जायला. मी म्हटलं, सगळ्या मुलींच्या आया निघाल्या तर शिबिर कसलं, सहल होईल.

भिंगरीला म्हटलं, खूश ना? म्हणाली, पोटात दुखतंय. सामन्याआधी तिचं नेहमीच दुखतं.

१३ मार्च

मसुद्याची शेवटून दुसरी बैठक. एकच उदाहरण उरलं होतं : मुलाला पालकांपासून गोष्टी लपवून ठेवायला सांगणे. बाई यावर अडून बसल्या. सगळं काढा, हे ठेवा म्हणाल्या.

मी खुर्चीत सरसावून बसलो. म्हटलं, एकदा या निर्दोष माणसाचं पूर्ण चित्रच उभं करतो. मग सगळं एका दमात सांगितलं. हा माणूस मुलीला बॅट देतो, घरी सांगत नाही, कारण त्याला बडेजाव नको आहे. तिला गाडीतून शेवटी सोडतो. सकाळी पहिला संदेश त्याचा, संध्याकाळी शेवटचाही त्याचाच. तिला कोणाच्या संगतीत राहायचं ते सांगतो. तिच्या घरी चहा पितो, दिवा दुरुस्त करतो, बापाच्या कामाची विचारपूस करतो. तिला शिबिराला नेतो. आणि तो सज्जन आहे. कारण मी त्याला ओळखतो.

मला वाटलं होतं, साहेब हसतील. साहेब पेन्सिल फिरवत होते. बाई लिहायच्या थांबल्या होत्या.

बैठक संपल्यावर पाण्याच्या कूलरपाशी त्यांनी मला गाठलं. हळूच विचारलं, "हा एकच माणूस आहे? की चारपाच जण जोडून सांगता?"

"एकच. माझ्या मुलीचे सर."

त्या म्हणाल्या, "मला वाटत होतं, तुम्ही आमच्याच केसेसमधून उचलता आणि आम्हालाच वाकुल्या दाखवता. इतकं तंतोतंत कोणी सहज सांगत नाही." मग म्हणाल्या, "घरी जा. तिला विचारा, सर तुला काही सांगू नको म्हणतात का. रागावू नका. नुसतं विचारा."

मी रागावलो, पण बाईंवर. चारचौघांत नसतो तर सुनावलं असतं. पुराव्याशिवाय माणसाचं नाव खराब करायला निघाल्या, तेही कायदा बनवणाऱ्या खोलीच्या दारात.

त्याच दिवशी, नंतर

लिहून काढतो, म्हणजे क्रम चुकणार नाही. पोलिसांनाही क्रमानेच सांगावं लागेल.

घरी आलो तेव्हा भिंगरी शिबिराची बॅग भरत होती. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि थट्टेच्या सुरात म्हटलं, "आज एका बाईंनी मला विचारलं, तुझे सर तुला घरी सांगू नको असं काही म्हणतात का. काहीतरीच, नाही?"

तिच्या हातात मोजे होते. ते तिने बॅगेत ठेवले, परत काढले.

"पण ते काही नसतं ना, बाबा?"

"काय काही नसतं?"

"तुझ्या पत्रकात नव्हतं ते." मग ती भराभर बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. "मी दोनदा वाचलं. मला वाटलं असेल कुठेतरी. मेसेज पुसून टाकायचे, ते नव्हतं. शेवटी थांबून गाडीत बोलत बसायचं, ते नव्हतं. फोटो पाठव म्हणतात ना, ते साधेच असतात, तेपण नव्हतं. आणि तू म्हणालास, लिहिलेलं नाही तो गुन्हा नाही. मग मी म्हटलं, मलाच उगीच कसंतरी होतंय."

मी विचारलं, "शिबिराला कोण कोण येतंय?"

"टीम नाहीये. आम्ही दोघंच. पण तुला टीम सांगायची म्हणाले."

मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, आणि मी रडलो नाही. मी बॅग रिकामी केली आणि एकेक कपडा कपाटात ठेवला, कारण हातांना दुसरं काही सुचेना. ती म्हणाली, "मला टीममधून काढतील का?" मी म्हटलं, नाही. ते खरं की खोटं, मला माहीत नव्हतं.

बायकोला इस्पितळात फोन केला. ती पाळी अर्धी सोडून आली. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "घर आधी लागतं, असं मी म्हटलं होतं." मग आत जाऊन भिंगरीला जवळ घेऊन बसली.

मला शरम वाटते. इतकी की हे वाक्यही तिसऱ्यांदा लिहितो आहे.

१६ मार्च

पोलीस ठाण्यात जाऊन आलो. हेल्पलाइनच्या बाई सोबत होत्या. भिंगरीशी एका वेगळ्या खोलीत त्याच बोलल्या, फार चांगलं बोलल्या. मी बाहेर बाकावर बसून होतो.

पोलीस अधिकारी बाई समंजस होत्या. पण म्हणाल्या, "अंगाला हात लावलेला नाही. धमकी नाही. फोटो साधे. मेसेज पुसलेले. आम्ही त्याला बोलावून समज देऊ, लक्ष ठेवू. बाकी आजच्या कायद्यात यावर कलम नाही. नवं येतंय म्हणतात."

"हो," मी म्हटलं. "येतंय."

"लवकर येऊ दे. आणि जरा धड येऊ दे."

तिथून क्लबात गेलो. सेक्रेटरींनी पाणी दिलं, खेद व्यक्त केला आणि विचारलं, "पण हे लेखी नियमात कुठे आहे, ते दाखवाल का?" हॉलमधून चेंडूंचा आवाज येत होता. सर आत दुसऱ्या मुलींना शिकवत होते.

१७ मार्च

सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ. म्हणाले, "तुमचा गैरसमज झालाय. पोरगी हळवी आहे. आणि तुम्हीच तर मला सांगितलं होतंत, यातलं काहीच तुमच्या कायद्यात बसत नाही म्हणून."

मी फोन ठेवला. मला कोणाचा एवढा राग कधी आला नव्हता. पण त्यांनी जे सांगितलं ते शब्दशः खरं होतं, हेही इथे लिहून ठेवतो.

१९ मार्च

भिंगरी शाळेत जाते आहे. मैत्रिणीचा फोन आला होता, दोघी खूप वेळ बोलल्या, काय ते मी ऐकलं नाही. बॅट तिने माळ्यावर टाकायला सांगितली.

मी खोडलेल्या ओळी समोर घेऊन बसलो आहे. आमची चूक कुठे झाली ते आता दिसतं. आम्ही प्रत्येक ओळ एकेकटी त्या खुर्चीपुढे उभी करत होतो. एकेकटी ओळ कोणाचीही असू शकते, मामाची, काकाची, शिक्षकाची. भेट देणारा माणूस चांगलाच असतो. पण भेट, गाडी, मेसेज, मैत्रिणीशी भांडण, आणि या सगळ्यावर घरापासून लपवाछपवीचं पांघरूण, हे एका माणसाच्या हातात एकत्र आलं की ते चित्र वेगळं असतं. कलम तसं बांधलं. यांपैकी काही गोष्टी एकत्र, पालकांपासून लपवून, मुलाला एकटं पाडण्यासाठी. हेतू सिद्ध करायची जबाबदारी सरकारचीच ठेवली आहे. माझ्या हातून इतकं नेटकं कलम आजवर उतरलं नव्हतं, आणि त्याचा मला काडीचाही आनंद नाही.

पत्रकही नव्याने लिहिलं. भिंगरीपुढे ठेवायचं धाडस होत नव्हतं. तिनेच मागितलं. वाचून म्हणाली, "एक राहिलं."

"काय?"

"वर लिही, इथे लिहिलेलं नसलं तरी सांग."

कायद्याच्या भाषेत हे वाक्य कुठेच बसत नाही. पत्रकात सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात घातलं.

२१ मार्च

शेवटची बैठक. मी टोकाच्या खुर्चीत बसलो नाही. भिंतीकडच्या साध्या खुर्चीत, बाईंच्या शेजारी बसलो. साहेबांनी भुवया उंचावल्या, पण विचारलं काही नाही. घरचं त्यांना ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही.

नवं कलम वाचलं. उदाहरणांसकट, सावकाश. डुगडुगत्या हाताची खुर्ची रिकामी होती, म्हणून साहेबांनी स्वतःच निर्दोष माणसाची बाजू घेतली. कागद दोनदा चाळला, चष्मा काढला.

"बांधणी चोख आहे," ते म्हणाले. "पण अहो, आजवर तुम्हीच ज्यांच्यासाठी भांडलात, तुमचे ते टेबल टेनिसचे सर, ते यात सापडतात की."

"हो साहेब," मी म्हणालो. "सापडतात."